संरक्षण खात्याचा आकृतिबंध

नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढली. आस्थापना म्हणजे माणसांचा हिशेब. कुणाची बदली, कुणाची रजा, कुणाची अडकलेली वेतनवाढ. या सगळ्याच्या मुळाशी एक कागद असतो, त्याला आकृतिबंध म्हणतात. कोणत्या कार्यालयात कोणत्या हुद्द्याची किती पदं मंजूर आहेत ते त्यात लिहिलेलं असतं. त्या आकड्याच्या पुढे एक शिपाईसुद्धा नेमता येत नाही, असं तो कागद म्हणतो. प्रत्यक्षात आमच्याकडे मंजूर पदं १७, त्यातली ५ रिकामी, आणि दुपारी बाराला टेबलांवर माणसं मोजली तर २१. कुणी प्रतिनियुक्तीवर, कुणी रोजंदारीवर, कुणी एजन्सीमार्फत, कुणी दुसऱ्या तालुक्याच्या हजेरीपटावर असून आमच्याकडे 'कामगिरीवर'. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे किती?" मी विचारलं, "साहेब, पदं की माणसं?" ते हसले आणि चहा मागवला.

ही आठवण इथे काढायचं कारण वेगळं आहे. काही महिन्यांपूर्वी खिलाफत चळवळीवर लिहायचं म्हणून मी सेव्हर्सचा तह वाचायला घेतला. १० ऑगस्ट १९२० चा हा तह. असाच काही तह लादला जाईल या भीतीने आपल्या मुंबईत त्याच्या आधीच खिलाफत कमिटी उभी राहिली, छोटाणी शेठ तिचे अध्यक्ष झाले, गावोगाव वर्गण्या गोळा झाल्या. आमच्या नानांच्या तोंडी 'सेव्हर्स' हा शब्द शिवीसारखा यायचा, पण त्या तहात नेमकं काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचलं असेल असं वाटत नाही. मीही वाचलं नव्हतं. उस्मानी सल्तनतीचे तुकडे कसे पाडले ते आपल्याला माहीत असतं. पण तहाच्या लष्करी भागात गेलो आणि मला चक्क आकृतिबंध सापडला. सुलतानाच्या अंगरक्षक दलात ७०० पेक्षा जास्त माणसं नकोत. जेंडर्म आणि त्यांच्या मदतीची दलं मिळून ५०,००० च्या वर नकोत, आणि या ५०,००० मध्ये अधिकारी, स्टाफ, प्रशिक्षक, डेपोतली माणसं सगळी धरायची. ज्याने कुणी हे कलम लिहिलं त्याला आस्थापना शाखेचा अनुभव होता, एवढं मी खात्रीने सांगतो. 'सगळी धरायची' हे शब्द लिहिले नाहीत तर काय होतं, ते त्याला माहीत होतं.

मग कुतूहल म्हणून मागे गेलो, जर्मनीबरोबरच्या व्हर्सायच्या तहाकडे. तारीख २८ जून १९१९. जर्मन सैन्य १ लाखावर आणायचं, हे शाळेतल्या इतिहासात होतं. त्यातले अधिकारी ४,००० पेक्षा जास्त नसावेत, हेही कुठेतरी वाचलं होतं. पण कलम १६० मध्ये याच्याही आत एक बारीक आकडा आहे, तो कुणी शिकवला नव्हता. जर्मनीच्या युद्ध मंत्रालयांत आणि त्यांना जोडलेल्या कार्यालयांत बसणारे अधिकारी ३०० पेक्षा जास्त नसावेत, आणि हे ३०० त्या ४,००० मध्येच मोजायचे. त्याच कलमात आणखी एक हुकूम: जर्मनीचा 'ग्रेट जनरल स्टाफ' बरखास्त करायचा आणि कोणत्याही रूपात पुन्हा उभा करायचा नाही. पुढच्या कलमात लष्करी कारभारातले मुलकी कर्मचारी १९१३ च्या अंदाजपत्रकातल्या संख्येच्या एक दशांशावर आणायला सांगितलं आहे.

तोफा आणि पाणबुड्यांवर बंदी समजू शकतो. पण जिंकलेल्या राष्ट्रांनी टेबलावर बसून नकाशे बघणाऱ्या माणसांची संख्या का बांधून द्यावी? कारण त्यांना खरी भीती त्या टेबलांचीच होती. प्रशियाचा जनरल स्टाफ ही एकोणिसाव्या शतकातली अजब चीज होती. निवडक अधिकारी, कठीण परीक्षा, वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास, रेल्वेच्या वेळापत्रकांपासून शेजारी देशांच्या सैन्यापर्यंत सगळ्याची नोंद. मोल्टकेच्या हाताखालच्या या यंत्रणेने १८६६ मध्ये ऑस्ट्रियाला आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्सला लोळवलं. आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ या जोडीने जर्मनीचा मुलकी कारभारही जवळपास आपल्या हाती घेतला. चान्सलर नावाला राहिला. तेव्हापासून 'जनरल स्टाफ' हे शब्द म्हणजे पाश्चात्त्य देशांत एका भीतीचं नाव झालं: गणवेशातली थोडी हुशार माणसं एकत्र बसली की निवडून दिलेल्या सरकारला गिळून टाकतात.

आता तहाने ३०० म्हटलं, मग पुढे काय झालं? माझ्या शाखेतल्या कुणालाही विचारा, न वाचता सांगेल.

१९१९ मध्येच 'ट्रुपेनआम्ट' नावाचं एक कार्यालय निघालं. अर्थ साधासुधा, सैन्य कार्यालय. त्याचे पहिले प्रमुख जनरल हान्स फॉन सेक्ट. या कार्यालयात मोहिमांची शाखा होती, संघटनेची होती, परदेशी सैन्यांची होती, प्रशिक्षणाची होती. म्हणजे जनरल स्टाफच. फक्त दारावरची पाटी बदललेली. जे या ३०० मध्ये बसत नव्हते त्यांची सोय इतरत्र झाली. युद्धाचा इतिहास लिहिणारा विभाग पोट्सडामच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेला आणि कालचे स्टाफ अधिकारी तिथे मुलकी कोट घालून अभ्यासक म्हणून बसू लागले. जमीन मोजणी आणि नकाशांचं काम पूर्वी जनरल स्टाफकडे होतं, ते गृह मंत्रालयाकडे गेलं. लष्करी अकादमी बंद झाली, तर तोच अभ्यासक्रम 'नेत्यांच्या मदतनिसांचं प्रशिक्षण' या निरुपद्रवी नावाने लष्करी विभागांच्या मुख्यालयांत सुरू झाला. हरलेल्या युद्धातून काय शिकायचं ते ठरवायला सेक्टने पन्नासहून अधिक समित्या नेमल्या.

दोस्तांचा तपासणी आयोग जर्मनीत होता. तो १९२७ च्या जानेवारीत परत गेला. १९३५ च्या मार्चमध्ये हिटलरने सक्तीची भरती जाहीर केली आणि त्याच वर्षी ट्रुपेनआम्टवरची पाटी उतरवून पुन्हा 'जनरल स्टाफ' लावली गेली. नवीन काही उभारावं लागलं नाही.

हा सेक्ट आपल्याला अगदी अनोळखी नसावा. १९१७ च्या डिसेंबरपासून युद्ध संपेपर्यंत तो उस्मानी सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ होता. म्हणजे ज्या दोन सैन्यांचे आकृतिबंध पॅरिसच्या आसपासच्या महालांत बसून लिहिले गेले, त्या दोन्हींशी या माणसाचा संबंध. सेव्हर्सचा तह मात्र अंमलात आलाच नाही. तो लिहिला जात होता त्याच महिन्यांत अंकाराला नवी मजलिस भरली, आणि मे १९२० च्या तिथल्या पहिल्या सरकारात जनरल स्टाफचा प्रमुख थेट मंत्री म्हणून बसला. इस्मत बे, म्हणजे पुढचे इस्मत इनोनू. बाहेरच्यांनी मुंडी मोजून द्यायची आणि इथे स्टाफलाच मंत्रिमंडळात खुर्ची द्यायची, असा तो प्रकार होता.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३ मार्च १९२४ ही तारीख आपल्या घरांत फक्त एकाच गोष्टीसाठी लक्षात आहे: त्या दिवशी खिलाफत संपली. पण अंकाराच्या मजलिसीने त्याच दिवशी आणखी एक कायदा केला, क्रमांक ४२९. त्याने शरिया आणि औकाफ मंत्रालय रद्द केलं, आणि त्याच कायद्याने जनरल स्टाफचं मंत्रालयही रद्द केलं. मौलवी आणि सेनापती, दोघांनाही एकाच कागदावर मंत्रिमंडळातून उठवलं. पहिल्या निम्म्या भागावर आपल्याकडे शंभर वर्षं बोललं जातंय. दुसऱ्या निम्म्याचा उल्लेख मी आजवर एकाही भाषणात ऐकला नाही. आतून उठवलेला सेनापती बाहेर किती शांत बसला, हा तुर्कस्तानचा पुढचा इतिहास आहे आणि तो वेगळा विषय आहे.

पण हे आकडे सगळे हरलेल्यांवर लादलेले. एखादा देश स्वतःच्याच संरक्षण खात्याला, स्वतःच्या संसदेत कायदा करून सांगतो का, की तुझ्या कचेरीत इतकीच माणसं? आपल्याकडे मंजूर पदांचा आकडा शासन निर्णयात असतो, कायद्यात नाही. मंत्रालयात फाईल हलली की तो बदलतो. मी शोधत गेलो, आणि हा हट्ट सर्वात जास्त काळ, सर्वात बारकाईने कुणी धरला असेल तर तो अमेरिकेने. तिथल्या संसदेचं नाव काँग्रेस. आपल्या वाचकांचा गोंधळ नको म्हणून मी पुढे संसदच म्हणतो.

सुरुवात १९०३ ची. अमेरिकी सैन्याला तोवर जनरल स्टाफ नव्हताच. युद्धमंत्री एलिहू रूट यांनी तो संसदेकडून मंजूर करून घेतला, आणि कायद्यातच आकडा आला: ४५ अधिकारी. १९१६ चा राष्ट्रीय संरक्षण कायदा आणखी पुढे गेला. स्टाफ थोडा वाढवला, पण त्यातले कनिष्ठ अधिकारी निम्म्याहून जास्त वॉशिंग्टनमध्ये किंवा जवळपास ठेवायचे नाहीत, अशी अट घातली. युरोपात दोन वर्षं आग लागलेली, आणि इथे संसदेला काळजी राजधानीत नकाशेवाले फार जमतील याची. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये जनरल स्टाफचे जेमतेम वीस अधिकारी होते. लाखोंची फौज उभारून समुद्रापार न्यायचं नियोजन या विसांनी करायचं. मर्यादा अर्थातच लगेच उठवावी लागली आणि युद्ध संपेपर्यंत हा स्टाफ हजाराच्या पुढे गेला.

एवढा फटका बसल्यावर माणूस शहाणा होईल असं वाटतं. झाला नाही; किंवा मुद्दाम झाला नाही, असंही म्हणता येईल.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत लष्कर आणि नौदल ही दोन स्वतंत्र खाती होती, दोघांचे मंत्री वेगळे. अध्यक्ष ट्रुमन यांना एकच संरक्षण खातं आणि त्यावर एकच सेनाप्रमुख हवा होता. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी तसा संदेश संसदेला पाठवला. नौदल आणि मरीन कोअर यांनी कडाडून विरोध केला. आपण गिळले जाऊ ही त्यांची भीती, आणि ती बोलून दाखवायला सोयीचा शब्द तयारच होता: प्रशियन जनरल स्टाफ. ज्या राज्याला आपण आताच धुळीला मिळवलं त्याचीच यंत्रणा आपल्या घरात आणणार का, असा सवाल सुनावण्यांमधून वारंवार झाला. नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांची भूमिका अशी की वर एक मंत्री असू द्या, पण त्याने फक्त समन्वय साधावा, त्याच्याकडे मोठी कचेरी नको.

२६ जुलै १९४७ ला राष्ट्रीय सुरक्षा कायद्यावर सही झाली. तो वाचताना मला माझ्या शाखेतला कागद आठवत होता. संरक्षणमंत्र्याला मुलकी क्षेत्रातून खास सहायक नेमता येतील: ३. मंत्र्याने स्वतःचा लष्करी स्टाफ उभारायचा नाही. काही लष्करी मदतनीस ठेवावेत, बस. तिन्ही दलांच्या प्रमुखांच्या समितीखाली एक जॉइंट स्टाफ असेल: जास्तीत जास्त १०० अधिकारी, आणि तेही तिन्ही दलांतून साधारण समसमान. नव्या रचनेचं नाव 'नॅशनल मिलिटरी एस्टॅब्लिशमेंट'. आद्याक्षरं एन-एम-ई, भरभर म्हटलं की इंग्रजीतला 'शत्रू' ऐकू येतो. दोन वर्षांत नाव बदलावं लागलं.

पहिला संरक्षणमंत्री कोण झाला? फॉरेस्टलच. ज्या खुर्चीचे पाय त्यांनी स्वतः आखूड करवून घेतले होते, त्याच खुर्चीवर ते १७ सप्टेंबर १९४७ ला बसले. खाली तीन दलं, तिन्हींचे आपापले मंत्री, आपापले मुख्यालय, हजारोंचा कर्मचारीवर्ग. वर हा एक माणूस आणि त्याचे तीन सहायक: लेव्हा, मॅकनील, ओहली. अंदाजपत्रकाची भांडणं, विमानं नौदलाची की हवाई दलाची ही भांडणं, बर्लिनची नाकेबंदी, पॅलेस्टाईनचा प्रश्न. मार्च १९४८ मध्ये सेनाप्रमुखांना की वेस्टच्या तळावर नेऊन त्यांना कामांची वाटणी करून द्यावी लागली, तरी वाद मिटले नाहीत. वर्षाच्या आतच फॉरेस्टल सांगू लागले की आपली आधीची समजूत चुकीची होती, मंत्र्याला जास्त अधिकार हवेत, जास्त माणसं हवीत. मार्च १९४९ अखेर त्यांनी पद सोडलं. त्यांचं मन आजारी झालं होतं. २२ मे १९४९ ला बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. आजाराचं कारण तीन सहायक असं म्हणणं फार सोपं होईल आणि चूक होईल. पण माणूस आणि कामाचा भार यांचं प्रमाण कागदावर ठरवणाऱ्याने हे वर्ष वाचावं.

ज्या सुधारणा त्यांनी मागितल्या त्या ऑगस्ट १९४९ मध्ये मंजूर झाल्या, त्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी. खात्याला 'डिपार्टमेंट ऑफ डिफेन्स' हे नाव मिळालं, उपमंत्री मिळाला, तीन सहायक मंत्री मिळाले, सेनाप्रमुखांच्या समितीला अध्यक्ष मिळाला. त्या अध्यक्षाला मत मात्र नाही. जॉइंट स्टाफ १०० वरून २१०. १९५३ मध्ये सहायक मंत्री आणखी सहा वाढले. १९५८ मध्ये पुन्हा कायदा. या वेळी मागणारा अध्यक्ष म्हणजे आयझेनहॉवर, स्वतः पंचतारांकित जनरल. त्यांनाही संसदेने मोकळा हात दिला नाही. जॉइंट स्टाफ ४०० वर नेला, पण सोबत स्पष्ट लिहिलं की हा स्टाफ सर्व सेनादलांचा एकत्र जनरल स्टाफ म्हणून चालणार नाही आणि त्याला हुकूम देण्याचा अधिकार नसेल. शिवाय अधिकाऱ्याने तिथे तीन वर्षांहून जास्त राहायचं नाही, आणि एकदा गेला की शांततेच्या काळात तीन वर्षं परत यायचं नाही. आकडा बांधला, जीभ बांधली, मुक्कामही बांधला.

मला या नोंदी वाचताना संसदेचा राग येत नाही, हे कबूल करतो. १०० चे २१०, २१० चे ४००. प्रत्येक वेळी जनरलला टोपी काढून संसदेपुढे उभं राहावं लागलं, कशाला हवेत ते सांगावं लागलं, आणि एखादा कार्ल विन्सनसारखा मुरलेला खासदार उलट प्रश्न विचारत बसला. व्हर्सायच्या ३०० मध्ये हे नव्हतं. तो आकडा परक्याने लिहिला होता, जर्मनीत त्याला वाली नव्हता, म्हणून तो चुकवणं हीच देशभक्ती ठरली आणि चुकवणाऱ्याला घरात कुणी जाब विचारला नाही. आकडा दोन्हीकडे मोडला. पण एकीकडे तो चोरून मोडला आणि दुसरीकडे निदान काही दशकं मागून मोडला.

अर्थात पाट्या बदलायची कला अमेरिकनांनाही येते. कायद्यात जॉइंट स्टाफचे ४०० कायम राहिले, पण त्यांच्या भोवती 'ऑर्गनायझेशन ऑफ द जॉइंट चीफ्स ऑफ स्टाफ' नावाचा गोतावळा वाढत गेला. तीच इमारत, तेच काम, पण ते 'जॉइंट स्टाफ' नव्हेत, म्हणून मोजायचे नाहीत. १९६१ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था वेगळी निघाली. अशा संस्था वाढल्या की मंत्र्याच्या कचेरीची संख्या आपोआप सडपातळ दिसते.

पुढचा मोठा कायदा १ ऑक्टोबर १९८६ चा. सिनेटर गोल्डवॉटर आणि प्रतिनिधी निकोल्स यांच्या नावाने तो ओळखला जातो. इराणमधल्या ओलिसांना सोडवायला १९८० मध्ये गेलेली मोहीम वाळवंटातच कोसळली, आठ जण मेले. १९८३ मध्ये बैरुतच्या बराकीवर हल्ला झाला, २४१ अमेरिकी ठार झाले. दलांचा एकमेकांशी मेळ नाही हे उघडं पडलं होतं. म्हणून या कायद्याने समितीच्या अध्यक्षाला बळ दिलं, आणि बळ दिलं म्हणूनच आकडे आणखी घट्ट केले. त्या गोतावळ्यासकट जॉइंट स्टाफ १,६२७. लष्करमंत्र्याची कचेरी आणि लष्कराचा स्टाफ मिळून ३,१०५. त्यातले लष्करी अधिकारी १,८६५ पेक्षा जास्त नकोत. त्यातले जनरल ६७ पेक्षा जास्त नकोत. नौदलासाठी २,८६६, हवाई दलासाठी २,६३९. आणि कलमाचे शब्द असे की कायम कामावर 'नेमलेले किंवा प्रतिनियुक्तीवर आलेले' सगळे मोजायचे. प्रतिनियुक्ती! मी ते वाचून मोठ्याने हसलो. बेगम आतून विचारत आल्या, काय झालं. त्यांना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "मग तुमच्या त्या पाच जणांचं काय झालं असतं?"

१९९० च्या दशकात मंत्र्याच्या स्वतःच्या कचेरीवरही आकडा आला. १९९४ ला जितकी माणसं होती त्यांच्या ७५ टक्क्यांवर या, असं आधी ठरलं आणि नंतर कायद्यात थेट संख्या लिहिली: ३,७६७. तीन सहायकांपासून इथवर बावन्न वर्षं लागली.

पण १९८६ च्या कायद्यात एक छोटं वाक्य होतं, ज्याकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नसावं. युद्धकाळात किंवा अध्यक्षांनी वा संसदेने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली असता तिन्ही दलांच्या मुख्यालयांवरच्या या मर्यादा लागू नाहीत. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला आणि १४ तारखेला अध्यक्ष बुश यांनी आणीबाणी जाहीर केली. आणीबाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे १९७५ येतं, एकवीस महिने आणि संपली. ही संपली नाही. दर सप्टेंबरमध्ये एका कागदावर तिचं नूतनीकरण होत गेलं. बुश गेले, ओबामा आले, कागद चालू. त्या आणीबाणीच्या नावाने काय काय झालं, ग्वांतानामो, पाळत, अफगाणिस्तान, इराक, हे आपण मुसलमानांनी पुष्कळ वाचलं, लिहिलं, भोगलंही. पण तिच्याच आडोशाला पेंटागॉनच्या मुख्यालयांतल्या खुर्च्यांची मोजणीही बंद झाली, हे मला आत्ता कळलं. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला: मर्यादा आणीबाणीमुळे वर्षानुवर्षं स्थगित आहेत, आणि कंत्राटदारांची माणसं त्या संख्येत धरलीच जात नाहीत. अधिकाऱ्यांनीच सांगितलं की या आकड्यांचा व्यवहारात फारसा उपयोग उरलेला नाही.

डिसेंबर २०१६ च्या कायद्याने नवे आकडे लिहिले. मंत्र्याच्या कचेरीला ४,३००, जॉइंट स्टाफला २,०६९, आणि त्यात गणवेशातले १,५०० पर्यंत. आणीबाणीची खिडकीही लहान केली: वेळ आलीच तर १५ टक्के वाढ, अमर्याद नाही. त्याच कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा परिषदेचा स्टाफही २०० वर बांधला.

१५ टक्के हा आकडा आपल्याही ओळखीचा आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांत बसवायला सांगितलं. तेव्हापासून आपल्या राज्यात मंत्री मोजून मापून असतात. आणि महामंडळांचे अध्यक्ष 'राज्यमंत्र्यांचा दर्जा' घेऊन लाल फितीचे सत्कार स्वीकारत फिरतात. दर्जा मोजला जात नाही.

तरी मला वाटतं, पाटी बदलून आत बसणाऱ्यांत दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. सेक्टचे अधिकारी संख्येबाहेर राहिले कारण त्यात त्यांचा फायदा होता. वेळ आली तेव्हा ते सगळे हुद्द्यांसकट परत आले. माझ्या शाखेतला, एजन्सीमार्फत शिपाई म्हणून आलेला एक पोरगा चौदा वर्षं संगणकावर सगळ्या तालुक्याची पगारबिलं काढत होता. आकृतिबंधात तो कुठेच नव्हता. तो गेल्या रमजानमध्ये माझ्याकडे आला. दुसरीकडे अर्ज करायला त्याला अनुभवाचा दाखला हवा होता आणि कार्यालयाने तो नाकारला होता. दाखल्याच्या छापील नमुन्यात 'कोणत्या पदावर काम केले' असा रकाना आहे, आणि तिथे काय लिहायचं हे त्यांना ठरवता येईना. इफ्तारनंतर मी माझ्या जुन्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "सध्या रकाना कोरा ठेवून देतो, चालेल का विचारा."